एकाच डब्यातल्या गोळ्या

ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी खोटी सांगितली आहे. खरी सांगायचं मात्र इतकी वर्षं टाळत आलो.

खोटी गोष्ट अशी. गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात दोन अडाणी बायका होत्या. कर्करोगाच्या एका औषधाच्या अभ्यासात त्यांना दोन वेगळ्या बाटल्या दिल्या होत्या. त्यांनी काय करावं? दोन्ही बाटल्या एका डब्यात ओतल्या आणि फुटाणे खावेत तशा वाटून खाल्ल्या. नागपूरच्या रुग्णालयात नवीन मुलामुलींचं प्रशिक्षण असलं की मला बोलावत. दुपारी सगळे पेंगायला लागले की मी हा किस्सा काढायचो. हातवारे करून सांगायचो. हमखास हशा व्हायचा, आणि मग चहा यायचा.

त्या दोघी अडाणी नव्हत्या. डबा एक का झाला ते मला ठाऊक होतं, कारण तो माझ्यामुळे झाला होता.

माझी सगळी नोकरी सरकारी आरोग्य खात्यात गेली. सालेकसा, देवरीकडच्या गावांत हिवतापाच्या तपासणीसाठी काचेवर रक्ताच्या पट्ट्या काढत फिरलो. बोटाला सुई टोचली की माणूस आपला खरा स्वभाव दाखवतो, असं मी म्हणायचो. निवृत्त होऊन आमगावला घरी बसलो तेव्हा बायकोला माझा कंटाळा यायला फार वेळ लागला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहायचो. अशात नागपूरच्या एका रुग्णालयातून विचारणा झाली. तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या रोग्यांवर एका गोळीचा अभ्यास चालू करणार होते. ऑपरेशननंतर रोग पुन्हा उलटतो, तो या गोळीने थांबतो का, हे पाहायचं होतं. गावं माहीत असलेला, भाषा येणारा माणूस पाहिजे होता. बायको म्हणाली, "जाच तुमी. घरात तं माह्या मिठाच्या डब्यावर पाळत ठेवून राहिले."

काम साधं होतं. मोटारसायकलवर रोग्यांच्या घरी जायचं, गोळ्या नीट घेतात का पाहायचं, उरलेल्या मोजायच्या, तपासणीच्या दिवशी त्यांना घेऊन नागपूर गाठायचं. कोणी तिरोड्याकडे होतं, कोणी आमगावच्या आसपास. पण मूळ गंमत गोळीत होती. अर्ध्या रोग्यांना खऱ्या औषधाची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी, त्याच रंगाची, पण औषध नसलेली. कोणाला कोणती ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. रोग्याला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, मला तर नाहीच नाही. ज्यांना माहीत होतं ते दूर कुठे तरी बसलेले, आणि अभ्यास संपेपर्यंत ते सांगणार नव्हते. कारण एकदा कळलं की रोग्याचं मन फिरतं, डॉक्टरची नजर फिरते, आणि मग फरक औषधाने पडला की मनाने, ते कळायला मार्ग राहत नाही.

मला शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. रोगी विचारेल, माझी गोळी कोणती? तुम्ही म्हणायचं, मला माहीत नाही. अंदाजसुद्धा सांगायचा नाही. हे सोपं होतं, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

त्या दोघी एकाच गावच्या. आमगावहून सालेकशाकडे जाताना डावीकडे आत वळलं की एक बोडी लागते, म्हणजे लहान तलाव. त्या बोडीच्या अलीकडे एकीचं घर, पलीकडे दुसरीचं. अलीकडचीच्या घरी धानाची शेती. पलीकडची ढिवरांच्या घरची. तिच्या घरचे मासोळ्या मारत आणि ती टोपलं डोक्यावर घेऊन विकत असे. दोघी साठीच्या पुढे-मागे. नावं सांगायची नाहीत असं ठरवून लिहायला बसलो आहे, म्हणून अलीकडचीला धानवाली, पलीकडचीला तळ्यावरची म्हणतो; पण सांगायची म्हटली असती तरी त्या दोघींनी एकमेकींची नावं कधी घेतलेली मी ऐकली नाहीत. त्या एकमेकींना 'भुजली' म्हणत.

आमच्या भागातल्या वाचकाला हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. श्रावणात टोपलीत गहू पेरतात, अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवतात, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब डोक्यावर घेऊन बोडीवर शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, जातात. हीच भुजली. धुतलेले चार कोंब एकमेकांच्या कानावर खोचतात, वर्षभरातलं बोलणं-भांडण विसरतात. पण दोन पोरींनी ठरवून, घरच्यांच्या देखत, एकमेकींच्या कानावर कोंब खोचले, तर त्या जन्माच्या भुजली होतात. मग नाव घ्यायचं नाही. जात आड येत नाही. एकीच्या घरी जे येईल त्यात दुसरीचा वाटा. या दोघी परकरात होत्या तेव्हाच भुजली झाल्या होत्या. धानाच्या घरी नवीन तांदळाचे पोहे झाले की पहिला शेर बोडीपलीकडे जायचा, आणि जाळ्यात चांगले झिंगे लागले की ते अलीकडे यायचे.

रोगसुद्धा दोघींनी वाटूनच घेतला, असं त्या म्हणत. पोरवयापासून सकाळी बोडीच्या काठावरच्या एका दगडावर बसून दोघी गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाची मिश्री, दातांना घासायच्या. एकाच डबीतली. धानवालीच्या गालात निघाला, तळ्यावरचीच्या जिभेत. एकाच हंगामात ऑपरेशनं झाली. धानवालीचा गाल कापून छातीचं मांस तिथे लावलं होतं. तळ्यावरचीची जीभ थोडी काढली होती, त्यामुळे तिचं बोलणं अस्पष्ट झालं होतं. नवख्याला काहीच कळायचं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धानवालीच्या छपरीत दोघी खाटेवर बसल्या होत्या. गाल बघू का म्हटलं तर तळ्यावरची काहीतरी बोलली आणि स्वतःच हसली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"थे म्हन्ते, बरं आहे," धानवाली म्हणाली.

तळ्यावरचीने तिच्या मांडीवर चापट मारली आणि पुन्हा सावकाश, तोंड वेडंवाकडं करून बोलली. या वेळी मला अर्धंमुर्धं कळलं. ती म्हणत होती, हिची छाती आता गालात आली. नवऱ्यानं गालावर मारली तं हे बोंबलन, छातीत दुखते म्हणून.

"चूप बस वो," धानवाली म्हणाली. "भाऊ सरकारी माणूस आहे."

"सरकारी होतो," मी म्हणालो. "आता रिटायर आहे."

"मंग हासा ना जी," धानवाली म्हणाली, आणि मी हसलो.

तेव्हापासून ती दुभाषीच झाली. नागपूरच्या तपासणीत डॉक्टर विचारायचे, तळ्यावरची हात हलवत लांबलचक काहीतरी सांगायची, आणि धानवाली त्याचं भाषांतर करायची, "थे म्हन्ते, जेवन जाते." त्यावर तळ्यावरची संतापून म्हणायची, "एवढंच नाई म्हटलं मी." हे मात्र सगळ्यांना कळायचं. हळूहळू मलाही तिचं बोलणं कळायला लागलं. गाडीत त्यांच्यामधे बसून कान तयार झाला. पण मी ते कोणाला दाखवलं नाही. दोघींची भांडणं ऐकायला मजा यायची.

अभ्यास समजावताना मी धानाचं उदाहरण दिलं होतं. मला ते फार आवडलेलं उदाहरण होतं. म्हटलं, शेतकी खात्याचा माणूस येतो, एका बांधीत नवीन खत टाकतो, शेजारच्या बांधीत टाकत नाही, आणि मग दोन्हीचं धान बघतो. तसंच हे. एका बाटलीत औषध, दुसरीत नुसती कणीक समजा. कोणाला कोणती, देवाला माहीत.

धानवाली ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, बांधीले काय समजते तिच्यात खत टाकलं का माती. पण मी काय बांधी आहो का?"

मी हसण्यावारी नेलं. ती मात्र हसली नव्हती, हे मला आज आठवतं. तरी दोघींनी अंगठे दिले. तळ्यावरची म्हणाली, पुढं कोनाच्या लेकीसुनेले कामी येईन तं येऊ दे. दोघींना एकेक बाटली मिळाली. वर फक्त आकडे.

आता माझ्या खोटेपणाकडे येतो.

पावसाळा उतरला होता. मी गेलो तेव्हा धानवाली घरी एकटी होती. सगळे शेतावर. ती सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात, दोडक्याच्या वेलाजवळ उभी होती आणि ऑपरेशनच्या गालावर हात दाबून धरला होता. मला पाहून हात काढला.

"दुखते का?" मी विचारलं.

"नाई."

मी गोळ्या मोजल्या, बरोबर होत्या. निघायला लागलो तशी ती म्हणाली, "भाऊ, एक गोष्ट इचारू? कोनाले सांगसान नाई ना?"

"विचारा."

"माही बाटली खरी आहे का कनकीची?"

मी म्हणायचं ते म्हटलं. मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही.

"तुमाले माहीत असन जी," ती म्हणाली. "तुमी डॉक्टर लोकांत बसता. मले झोप नाई येत. गालात थोडं खुपलं का वाटते, आला वापस. पोरं समोर आहेत म्हणून बोलत नाई. भुजलीले तं अजिबात सांगत नाई, थे आधीच अर्धी जीभ घेऊन फिरून राहिली. एक डाव सांगा. खरी असन तं मी निवांत खाईन. नसन तरी खाईन."

ती रडत नव्हती. रडली असती तर कदाचित मी नियम पाळला असता. रडणाऱ्या माणसाला समजावता येतं. ती नुसती दोडक्याच्या वेलाला धरून उभी होती, एखाद्या पोरीने परीक्षेचा निकाल विचारावा तशी.

"तुमची खरी आहे, बाई," मी म्हणालो.

"खरंच?"

"मी खोटं कायले बोलू?"

तिने वेलावरचे होते नव्हते तेवढे दोडके तोडून माझ्या पिशवीत घातले.

का बोललो असं? दया आली, हे खरं आहे. ती मला आवडायची, दोघीही आवडायच्या, सख्ख्या बहिणींसारख्या. पण एवढंच नव्हतं. जन्मभर मी लोकांचं रक्त घेऊन वर पाठवत आलो. निकाल वरच्यांना माहीत, मी नुसता पट्टी नेणारा. पहिल्यांदाच कोणीतरी मला म्हणत होतं, तुमाले माहीत असन. आणि मला ते नाकारवेना. मला वाटलं, एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं?

पुढच्या खेपेला ती ताजीतवानी दिसली. झोप लागत होती, जेवण जात होतं. मी मनात फुशारलो. गोळीपेक्षा माझ्याच शब्दाचा गुण आला, असंही वाटलं. ज्या कारणासाठी तो सगळा अभ्यास डोळ्यांवर पट्टी बांधून चालला होता, तेच मी मोडून बसलो होतो, आणि वर खूश होतो.

पण मी विसरलो होतो की ती कोणाची तरी भुजली होती. आपली गोळी खरी आहे म्हटल्यावर दुसरीची कणकीची असणार, निदान असू शकते, हे ओळखायला तिला किती वेळ लागणार? झोपेचा प्रश्न मिटला आणि तिच्यापुढे दुसरा उभा राहिला. खरं औषध एकटीने कसं खायचं?

थंडीचे शेवटचे दिवस होते. कचारगडच्या यात्रेला निघालेल्या लोकांच्या गाड्या, झेंडे, गाणी, सगळा रस्ता भरला होता. त्या दिवशी नागपूरची डॉक्टर माझ्यासोबत आली होती. तरुण मुलगी, अभ्यासाची देखरेख तिच्याकडे. मोठी मायाळू होती. मला काका म्हणायची आणि रोग्यांना मावशी. आम्ही सांगून गेलो नव्हतो. यात्रेमुळे तिरोड्याकडचं काम राहिलं आणि गाडी इकडे वळवली, एवढंच.

दोघी छपरीतच होत्या. नुकतं जेवण झालं होतं. खाटेवर स्टीलचा एक डबा उघडा होता आणि धानवाली त्यातून एक गोळी आपल्या तळहातावर, एक भुजलीच्या तळहातावर ठेवत होती. दोन्ही बाटल्या शेजारी रिकाम्या पडल्या होत्या. मी यायचा असलो की त्या दिवशी सकाळी उरलेल्या गोळ्या दोघी सारख्या वाटून पुन्हा बाटल्यांत भरत, म्हणून माझी मोजणी कधी चुकली नव्हती.

डॉक्टर खाटेजवळ बसली. रागावली नाही. "मावशी, दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात कशा?"

धानवालीने झाकण लावलं. "आमी सोबतच खातो," ती म्हणाली.

"पण कोणाची कोणती, ते कसं कळतं?"

"नाई कळत."

"मग असं का केलंत?"

धानवालीने माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. सांदवाडी, दोडके, मी खोटं कायले बोलू. आणि ती काही बोलायच्या आत मी बोललो. घाईघाईने, मोठ्या आवाजात.

"मॅडम, अडाणी बायका आहेत. कितीदा सांगितलं, डोक्यात शिरत नाही यांच्या. सगळं वाटून खायची सवय."

तेव्हा तळ्यावरची उठून उभी राहिली. बोट माझ्याकडे करून बोलली. जीभ अडखळत होती, पण ती पुरतं बोलली. ती म्हणाली, "या भाऊनंच हिले सांगतलं, तुही खरी आहे म्हणून. हिनं एकटीनं खाल्ली नाई म्हणून हे अडाणी काय?"

डॉक्टरला एक शब्द कळला नाही. तिने धानवालीकडे पाहिलं. "काय म्हणतात या?"

धानवाली डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

"थे म्हन्ते, चुकलं," ती म्हणाली. "आमाले समजलं नाई, मॅडम. आमी अडाणी."

या वेळी तळ्यावरचीने चापट मारली नाही. एवढंच नाही म्हटलं मी, असंही म्हणाली नाही. ती खाली बसली. आम्ही तिघं जे जाणत होतो ते त्या छपरीत चौथीला सांगायला फक्त मी उरलो होतो. माझी जीभ तर शाबूत होती.

गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. नियमच तसा होता. दोन औषधं एका पोटात गेल्यावर त्यांचा हिशेब लागत नाही. तपासण्या मात्र चालू राहतील, डॉक्टरने दोघींचे हात हातात घेऊन सांगितलं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "काका, मनाला लावून घेऊ नका. आपणच समजावायला कमी पडलो." ती मुलगी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होती आणि मी खिडकीतून यात्रेचे झेंडे बघत होतो.

नोकरी गेली असती म्हणून गप्प बसलो, असं लिहिलं तर ते सोपं कारण होईल. मला पेन्शन होती, त्या नोकरीवर घर चालत नव्हतं. मला त्या मुलीच्या नजरेतला काका राहायचं होतं.

आणि त्या दोघी? त्यांनी मला टाकलं नाही. हेच मला सोसवत नाही. पुढच्या वेळी गेलो तर चहा, पोहे, मासोळ्या, सगळं पहिल्यासारखं. फक्त तळ्यावरची काही दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदा गाडीत धानवालीने तिला कोपराने ढोसलं, "बोल ना वो, भाऊ काय परका आहे?" तेव्हा तिने पिशवीतून एक उकडलेला शिंगाडा काढला, सोलला आणि न बोलता माझ्या हातावर ठेवला.

माझ्या शब्दाचं खरं ओझं मात्र पुढे कळलं. एकदा गोंदियाच्या फलाटावर आम्ही नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. तळ्यावरची पाणी आणायला गेली होती. धानवाली गालावर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, खरी गोळी तं गेली आमची. आता जे होईन ते होईन. पन बंद होयेपर्यंत अर्धी तिच्या पोटात गेली, थे बरं झालं ना?"

म्हणजे ती अजून तेच धरून होती. खरं औषध हाताशी आलं होतं आणि वाटून खाल्ल्याच्या पायी दोघींच्याही हातून गेलं, असं समजून ती जगत होती. प्रत्येक तपासणीच्या सकाळी ती गाल दाबायची ती याच भीतीने. मी तिला सांगायला पाहिजे होतं, बाई, खरी होती की नव्हती मला माहीत नाही, मी तोंडाला आलं ते बोललो. दोन वाक्यं. मी तोंड उघडलंसुद्धा. गाडी आली. मी पिशव्या उचलल्या. गाडी आली नसती तर सांगितलं असतं असं बरेच दिवस मी स्वतःला पटवत होतो. गाडी नागपूरला पोहोचेपर्यंत ती माझ्या शेजारीच बसली होती.

तो किस्सा मी सांगायला लागलो तो याच सुमारास. आधी डॉक्टरनेच एका बैठकीत सांगितला, रोग्यांना नीट समजावून सांगा, हे पटवायला. तिच्या सांगण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. हशा मी भरला. तळ्यावरचीच्या बोलण्याची नक्कलही करायचो. हे लिहिताना माझे कान तापतात, पण लिहायचंच ठरवलं आहे.

धानवाली पुढे एका हिवाळ्यात गेली. कर्करोगाने नाही. छातीत कफ भरला आणि चार दिवसांत आटोपलं. शेवटच्या तपासणीतही तिचा गाल स्वच्छ होता. मी तिच्या मातीला गेलो. तळ्यावरची बोडीच्या काठावर, त्या दोघींच्या दगडावर बसून होती. मला पाहून तिने मान हलवली. मी लोकांत उभा राहिलो.

ती गेल्यावर अभ्यासाचा निकाल लागला. डॉक्टरचा फोन आला. म्हणाली, "काका, दोन्ही गटांत काही फरक नाही. गोळीचा उपयोग दिसत नाही." मी उदास झालो असं वाटून तिने समजावलं, की हाही निकालच असतो. आता पुढे कोणाला ही गोळी उगीच गिळावी लागणार नाही. ते मला पटलं. तळ्यावरची पहिल्याच दिवशी जे म्हणाली होती, कोनाच्या लेकीसुनेले कामी येईन, ते या उलट्या वाटेने का होईना, खरं झालं होतं. पण फोन ठेवल्यावर मी छपरीत बराच वेळ बसलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, अभ्यास संपला.

निकाल सांगायला म्हणून मी बोडीपलीकडे गेलो. मनात ठरवून गेलो होतो. वाक्यं तयार होती, मोटारसायकलवर मोठ्याने म्हणून पाहिली होती. दिवस नेमका भुजलीचा निघाला. काठावर पोरीबाळींची गर्दी होती, गाणी चालली होती, पाण्यावर पिवळे कोंब तरंगत होते. तळ्यावरची तिच्या दगडावर एकटी बसली होती. टोपली मांडीवर, कोंब धुतलेले, ओले. या वर्षी ते द्यायला समोर कोणी नव्हतं.

मी शेजारी बसलो आणि निकाल सांगितला. दोन्ही गोळ्या सारख्याच निघाल्या म्हणालो.

ती म्हणाली, "म्हंजे दोन्हीबी कनकीच्या?"

"तसंच समजा."

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. "अन् हे बाई मले रोज बळजबरीनं मोठी मोठी बघून देत होती," ती म्हणाली. "सारख्या गोळ्यात मोठी कोठून येईन वो, म्हटलं. तं म्हने, चूप खाय."

तिच्या बोलण्याचं भाषांतर करायला आता कोणी नव्हतं. मला सगळं कळत होतं.

मग हसता हसता तिने टोपलीतले चार कोंब उचलले आणि माझ्या कानावर खोचले. पाणी मानेवरून शर्टात गेलं.

"बाई माणसाले भुजली नाई करत," ती म्हणाली. "पन तुमी आता म्हातारे. तुमाले काय बाई अन् काय माणूस. आजपासून तुमी नाई, तू."

तिने टोपली माझ्यापुढे धरली. आता मी तिच्या कानावर खोचायचे होते. मी खोचले. मग ती टोपली बाजूला ठेवून माझ्याकडे वळली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "बोल."

भुजलीच्या दिवशी मनातलं सगळं सांडून टाकायचं असतं. तिने जागा करून दिली होती. मला आता वाटतं, तिला माहीत होतं मी कशाला आलो ते.

मी बोडीकडे पाहिलं. म्हणालो, "धानाचे रोवणे आटोपले का तुमच्याकडचे?"

"आटोपले," ती म्हणाली. मग उठून चहा ठेवायला गेली.

पुढच्या भुजलीच्या आत तीही गेली. त्या दिवशी जी वाक्यं घेऊन मी गेलो होतो आणि तशीच घेऊन परत आलो, ती मी विसरलेलो नाही. ती अशी होती:

भुजली, खरी कोणती ते मले कधीच माहीत नव्हतं. मी तिच्यासमोर खोटं बोललो. तुमी वाटून खाल्लं, अन् मी तुमाले अडाणी म्हटलं. तू बोलली थे मले सगळं समजलं होतं. मले माफ करजो, अन् तिले भेटशीन तं तिलेबी सांगजो.